छतावरचा दिवा, डिकीतला दिवा आणि रात्रीतून उतरणारी बॅटरी

आमची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आता दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. इंजिनाच्या बाबतीत तिने कधी त्रास दिला नाही, पण गेल्या उन्हाळ्यात तिच्या आतल्या दिव्यांनी आम्हांला चांगलेच दमवले. तक्रारी तीन होत्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे सुरुवातीला कळत नव्हते. मागचे डावे दार उघडले की छतावरचा दिवा कधी लागे, कधी लागत नसे. सगळी दारे बंद करून कुलूप लावल्यावरही तोच दिवा अंधारात अगदी मंद मिणमिणत राही. आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसते ‘टक टक’ ऐकू येई. आईला घेऊन पहाटे तुळजापूरला निघायचे आणि ऐनवेळी शेजारच्यांना धक्का मारायला उठवायचे, हा प्रकार घडल्यावर मात्र याच्या मुळाशी जायचे ठरवले.

तोपर्यंत सल्ले भरपूर मिळाले होते. बॅटरीच्या दुकानात बॅटरी बदला म्हणाले. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात छतावरच्या दिव्याचा पूर्ण सेटच बदलायला सांगितले. त्याच दुकानाने काही महिन्यांपूर्वी मूळचा तारेचा बल्ब काढून तेथे पांढरा एलईडी बसवला होता. एका परिचितांचे म्हणणे होते की फ्यूज ‘वाढवून’ टाकावा, म्हणजे १० अँपिअरच्या जागी १५चा लावावा. हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो आणि तो धोकादायक आहे. फ्यूज हा वायरीच्या जाडीच्या हिशेबाने ठरवलेला असतो. तो वाढवला की पुढच्या बिघाडात फ्यूज शाबूत राहून वायर जळते. शिवाय आमचा फ्यूज उडालेला नव्हताच. घड्याळ आणि रेडिओवर साठवलेली स्टेशने जागच्या जागी होती. पुष्कळ गाड्यांत आतले दिवे आणि रेडिओची मेमरी एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे तो फ्यूज उडाला की घड्याळही शून्यावर येते. एवढ्या एका निरीक्षणावरून फ्यूजचा विषय निकालात निघतो.

पुढचे समजण्यासाठी छतावरच्या दिव्याची रचना थोडी पाहावी लागेल. त्याच्या बटणाला तीन जागा असतात: कायम चालू, दारावर आणि बंद. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीचा धन प्रवाह फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत सदैव आलेला असतो आणि बटण किंवा दार जे काही करते ते फक्त ऋण बाजूला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडण्याचे काम करते. ‘कायम चालू’ ठेवले की दिव्याला तेथल्या तेथे ‘अर्थ’, म्हणजे बॉडीशी जोड, मिळतो. ‘दारावर’ ठेवले की हाच अर्थ दाराच्या चौकटीतल्या लहान दांडीच्या बटणातून येतो. दार उघडले की स्प्रिंगने दांडी बाहेर येते, आतले टोक बॉडीला टेकते आणि दिवा लागतो. नव्या गाड्यांत हे काम एक संगणकीय पेटी करते, दिवा हळूहळू मंद करत विझवते आणि चुकून चालू राहिलेला दिवा काही वेळाने स्वतःच बंद करते. आमच्या गाडीत असे काहीही नाही, म्हणून सर्व तपास हाताने करता आला.

आमचा दिवा ‘कायम चालू’वर झगझगीत लागत होता. याचा सरळ अर्थ असा की बल्ब, फ्यूज आणि दिव्यापर्यंत येणारी वायर ठीक आहेत. मग दिव्याचा पूर्ण सेट बदलून काय साधणार होते? बिघाड दिव्यापासून दारांकडे जाणाऱ्या वाटेवर होता, हे जागेवरून न उठता कळले. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातल्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने सेट बदलण्याचाच आग्रह पुन्हा धरला, तेव्हा मी तेथून निघालो आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तेलुगूभाषक, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सर, जुना पिवळा बल्ब ठेवलाय का ओ घरी?” सुदैवाने तो डॅशबोर्डच्या खणात पडलेला होता.

दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, ३१ मिलिमीटर लांबीचा तो नळीसारखा बल्ब अण्णांनी एलईडीच्या जागी बसवला, दारे बंद केली आणि काचेवर हात धरून आत अंधार करून पाहिले. मंद मिणमिण पूर्ण नाहीशी झाली होती. मला वाटले एलईडीच खराब. अण्णांनी मान हलवली. “एलईडी चांगला आहे. तो चुगली करत होता, बगा. लीकेज आहे.” तारेच्या बल्बची तार तापून उजळायला बराच प्रवाह लागतो, एलईडीला मात्र काही मिलिअँपिअर पुरतात. दाराच्या एखाद्या बटणात ओलसर घाण बसली असेल, तर दार बंद असतानाही तिच्यातून इतका क्षीण प्रवाह बॉडीला जात राहतो. जुना बल्ब तो दाखवतच नाही, एलईडी दाखवतो. म्हणजे एलईडी बसवल्यावर दोष निर्माण झाला नव्हता, आधीपासून असलेला दोष दिसू लागला होता.

येथे मी माझा मल्टिमीटर पुढे केला. बल्ब काढून त्याच्या दोन चिमट्यांना मीटर लावल्यावर दारे बंद असतानाही त्याने जवळजवळ पूर्ण बॅटरीचे व्होल्ट दाखवले, आणि त्यावरून कोणीही म्हटले असते की एखादे बटण पूर्ण जोडलेले राहिले आहे. अण्णांनी आपला टेस्टर लावला. दोन वायरींना जोडलेला साधा बल्बच तो, आणि तो मुळीच पेटला नाही. “मीटर काय खात नाही, बल्ब खातो. खाणाऱ्यालाच विचारायचं की ओ,” असे ते म्हणाले. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह ओढत नसल्यामुळे घाणीतून झिरपणाऱ्या वाटेवरही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. भार जोडला की ते कोसळतात. मात्र हा बल्बचा टेस्टर कोठेही टोचायचा नसतो, हेही त्यांनी बजावले. एअरबॅगच्या वायरींना, ज्यांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात, आणि नव्या गाड्यांतल्या संगणकीय पेट्यांना तो लावला तर भलताच खर्च अंगावर येतो.

मग बटणे शोधणे सुरू झाले. प्रत्येक बटण चौकटीला एकाच स्क्रूने बसवलेले असते. अण्णांनी स्क्रू काढण्याआधी जाड दोऱ्याचा तुकडा हाताशी ठेवला आणि बटण बाहेर आल्याबरोबर, जोड सोडवण्यापूर्वी, वायरीला तो बांधून दुसरे टोक चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला लावले. कारण वायर तोकडी असते. हातातून सुटली की ती पोकळ खांबात खाली जाऊन पडते आणि मग ती शोधण्यासाठी आतले प्लास्टिक उचकटावे लागते. एलईडी परत लावून एकेका बटणाची वायर सोडवत गेल्यावर चालकाच्या बाजूचे बटण सुटताच मिणमिण थांबली. त्या बटणाचे रबरी टोपण फाटलेले होते आणि आत पांढऱ्या खाराचा पापुद्रा जमला होता.

तो खार कोठून आला, हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे गाडी धुण्यासाठी नळाचे पाणी वापरायचा प्रश्नच नसतो; बोअरचे जड पाणी वापरले जाते आणि ते सुकले की काचेवर जसे पांढरे डाग उरतात तसेच ते दाराच्या चौकटीतही उरतात. धुलाई केंद्रात दारे उघडून चौकटीवर जोराचा फवारा मारण्याची पद्धत आहे. चौकट चकचकीत होते, पाणी मात्र बटणात शिरते. आता मी चौकटी ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगतो.

मागच्या डाव्या दाराचे दुखणे वेगळेच निघाले. त्याचे बटण मीटरवर तपासले तर आतून अगदी ठीक होते. दांडी दाबली की जोड तुटे, सोडली की शून्य ओहम. पण तेच बटण जागेवर बसवून त्याचे टोक आणि गाडीची बॉडी यांमध्ये मोजले, की आकडा स्थिर राहत नसे, कधी काही ओहम तर कधी शेकडो. या बटणाला अर्थची वेगळी वायर नसतेच. ज्या स्क्रूने ते बसवलेले असते तोच स्क्रू त्याचा अर्थ असतो, आणि तो स्क्रू गंजून त्याच्याभोवती तांबूस पूड जमली होती. पॉलिश पेपरने पत्रा घासून, नवा स्क्रू लावून आणि वर किंचित व्हॅसलिन फिरवून काम झाले. एखाद्याच दाराने दिवा लागत नसेल तर बटण विकत आणण्यापूर्वी हा स्क्रू पाहावा. चालकाच्या बाजूचे बटण मात्र बदलले. शंभर-दीडशे रुपयांची ती वस्तू साफ करत बसण्यात अर्थ नव्हता.

दोन तक्रारी मिटल्या आणि अण्णांच्या मते काम संपले होते. मला तिसरी सतावत होती. बटणातल्या खारातून समजा पाच मिलिअँपिअर प्रवाह झिरपत होता. तर चोवीस तासांत तो ०.१२ अँपिअर-तास होतो. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. या गतीने तिला रिकामे व्हायला कित्येक महिने लागले असते. दोन-तीन दिवसांत सेल्फ बंद पाडणारा चोर नक्कीच मोठा होता, आणि मिणमिणणाऱ्या एलईडीकडे सर्वांचे लक्ष गेल्यामुळे तो आरामात सुटत होता.

ती मोजणी मी घरीच केली. रविवारी सकाळी, ऊन चढण्याच्या आत, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवले आणि टोक व बॅटरी यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खोबणीतून जोडला. अशा वेळी सेल्फ मारायचा नसतो. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज क्षणात उडतो. मुलीला दारे उघडू नकोस म्हणून सांगितले, चालकाच्या बाजूची काच खाली ठेवली, म्हणजे दार न उघडता फ्यूजपेटीपर्यंत हात पोहोचेल, आणि छतावरचा दिवा ‘बंद’वर केला. अर्धा तास थांबल्यावरही मीटर ०.४४ अँपिअर दाखवत होता. सर्व काही बंद असलेल्या गाडीला ०.०५ अँपिअरच्या आत भागले पाहिजे. मग एकेक फ्यूज उपसून पुन्हा लावत गेलो. बरेच फ्यूज निघाले तरी आकडा हलला नाही; झाकणाच्या नकाशावर ‘रूम’ लिहिलेला लाल, १० अँपिअरचा फ्यूज निघाला आणि आकडा एकदम ०.०२वर आला.

छतावरचा दिवा तर बंद होता. त्या फ्यूजवर उरले होते दोन: रेडिओची मेमरी, जिला काही मिलिअँपिअर पुरतात, आणि डिकीतला दिवा. ०.४४ हा आकडाच बोलका होता. ५ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर सुमारे ०.४२ अँपिअर लागतात.

डिकी उघडली की दिवा लागतो, बंद केली की विझतो, हे आपण गृहीत धरतो, कारण बंद डिकीत कोणी डोकावत नाही. माझ्या फोनने डोकावले. व्हिडिओ चालू करून, फोनचा स्वतःचा दिवा बंद ठेवून, तो डिकीत दिव्याकडे तोंड करून टेकवला आणि दार लावून घेतले. काही मिनिटांनी काढून पाहिले, तर काळोख दिसायला हवा तेथे डिकीत कायम पडून असलेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी स्पष्ट दिसत होती. चित्रफितीत दार खाली आल्यावर दिवा क्षणभर विझला होता आणि लगेच परत लागला होता. हात लावून पाहिले तर दिव्याचे प्लास्टिक कोमट होते. फोन नसेल तर ही कोमट प्लास्टिकची खूणही पुरेशी आहे, मात्र गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, उन्हाआधी पाहावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की दुपारी डिकीतली प्रत्येक वस्तूच तापलेली असते.

क्षणभर विझून परत लागणे, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धागा होता. नुसते बटण अडकलेले असते तर दिवा विझलाच नसता. डिकीचे बटण दाराच्या कुलपातच बसवलेले आहे. दाराचे आतले आवरण काढून त्याचा जोड सोडवला. दार पूर्ण वर असताना दिवा विझला, म्हणजे दिवा आणि बटण दोघेही निर्दोष. मग जोड तसाच सुटा ठेवून दार हळूहळू खाली आणले. निम्म्याहून थोडे खाली, एका ठरावीक कोनाला दिवा पेटला. दार वर केले, विझला. पुन्हा खाली, पुन्हा त्याच जागी पेटला. बटण तर वाटेतून बाहेर काढलेले होते. म्हणजे दिव्याला अर्थ मध्येच कोठेतरी मिळत होता, आणि दार हलले की वाकते अशी एकच जागा आहे: छत आणि डिकीचे दार यांना जोडणारी, घड्या घड्यांची रबरी नळी, जिच्यातून सगळ्या वायरी दारात जातात.

गाडी परत अण्णांकडे नेली. नळी दोन्ही बाजूंनी सोडवून मागे सरकवल्यावर आतल्या वायरी दिसल्या. बटणाकडे जाणाऱ्या हिरव्या वायरीचे वेष्टण सुमारे बोटाच्या पेराएवढ्या लांबीवर तडकून गळून पडले होते, तांब्याच्या तारा काळपट झाल्या होत्या, आणि तिच्याच शेजारी काळ्या अर्थच्या वायरीचेही तेच झाले होते. दार वर असताना दोघी सुट्या राहत. दार खाली येऊन नळी दबली की एकमेकींना टेकत. फ्यूज का उडाला नाही, याचे उत्तरही येथेच मिळाले. धन बाजूची वायर अर्थला लागली असती तर फ्यूज तत्काळ गेला असता आणि बिघाड पहिल्याच दिवशी कळला असता. पण ही दिव्याच्या पलीकडची, ऋण बाजूची वायर. ती अर्थला टेकली की बटणाने जोड दिल्यासारखा दिवा लागतो, इतकेच. फ्यूजच्या दृष्टीने सगळे नियमाप्रमाणे चाललेले असते. रात्रीच्या दहा तासांत सुमारे ४ अँपिअर-तास, आणि गाडी दोन पूर्ण दिवस उभी राहिली तर २० अँपिअर-तास, म्हणजे ३५च्या बॅटरीतला निम्म्याहून अधिक भाग, अशा रीतीने एका ५ वॅटच्या बल्बने खाल्ला होता.

मला वाटले होते की उघड्या जागी सोल्डर करून टेप मारली की झाले. अण्णांनी ते साफ नाकारले. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि रोज वाकणाऱ्या भागात ती सोल्डरच्या कडेलाच तुटते. त्यांनी वाकणारा पूर्ण तुकडाच कापून काढला, त्या जागी बारीक तारांची मऊ वायर टाकली आणि सगळे जोड नळीच्या बाहेर, छताच्या आवरणाखाली व दाराच्या आत घेतले. जोड एकमेकांशेजारी न ठेवता थोडे पुढे-मागे ठेवले, म्हणजे एकाच ठिकाणी गाठ होत नाही आणि उद्या जोडावरची एखादी स्लीव्ह, म्हणजे वेष्टणाची नळी, निसटली तरी दोन तांबी एकमेकांना लागत नाहीत. नंबर प्लेटच्या दिव्याची आणि वरच्या ब्रेक लाइटची वायरही तडकू लागलेली दिसली, तीही त्याच वेळी बदलून घेतली. ब्रेक लाइटची वायर ही दिवा लावताना धन बाजूची असते, त्यामुळे ती टेकली असती तर ब्रेक दाबताच फ्यूज उडाला असता आणि मागच्या गाडीला आम्ही थांबतोय हे कळलेच नसते. डिकीच्या दिव्यापेक्षा मला हीच गोष्ट जास्त गंभीर वाटली. जुनी हॅचबॅक असेल आणि मागचा एखादा दिवा अधूनमधून दगा देत असेल, तर बल्ब बदलण्याआधी ही नळी मागे सारून पाहण्यासारखी आहे.

दुरुस्तीनंतर तीच मोजणी पुन्हा केली. मीटर ०.०२वर स्थिर होता. एलईडी मी छतावर परत लावला नाही. तेथे जुना पिवळा बल्बच राहू दिला, कारण आईला त्या उजेडात पिशवीतले सुटे पैसे नीट दिसतात असे तिचे म्हणणे आहे. एलईडी डिकीत लावला. तेथला दिवा पुन्हा कधी चालू राहिलाच तर तो बल्बपेक्षा कितीतरी कमी प्रवाह ओढेल. बॅटरीचे काम मात्र तेवढ्याने भागले नाही. वारंवार खोलवर उतरल्याने शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता कायमची घटते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती मुळातच लवकर झिजते. रात्रभर उभी राहिल्यावर ती आता १२.५ व्होल्ट दाखवते, हे चांगले दिसते; पण भार टाकून तपासल्यावर दुकानदाराने जो आकडा दाखवला, तो पाहता या बॅटरीवर हिवाळ्यातल्या पहाटे अवलंबून राहता येणार नाही. थंडी पडण्यापूर्वी ती बदलून घेणार आहे.